उचंत खातं

वर्षातून एकदा मी तिथे जातो
राज्य लेखापरीक्षण खात्याची निळी बॅग घेऊन,
फेब्रुवारीत, मिझुरी नदीवरून माणसं चालत असताना.
डकोटाचं बार्बर परवाना मंडळ:
दंतवैद्यांच्या मंडळामागची दीड खोली,
एक हीटर, आणि ओर्ला हाउगेन.
एकतीस वर्षांत हिच्या हाती कुणी मोठी रक्कम दिली नाही,
दिलेल्यातला सेंट हिने इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

दोनशे बारा बार्बर, माणशी पासष्ट डॉलर,
उशीर झाला तर वर पंचवीस.
चेक टपालाने येतात. काही पाकिटांतून
बारीक केस पडतात, काहींना पावडरचा वास.
ओर्ला टेबल झटकते, शिक्का मारते,
त्याच दिवशी खजिन्यात भरते.
नियमाने पाच दिवसांची मुभा दिली आहे.
ती तिने कधी वापरलेली नाही.

नवा होतो तेव्हा मी विचारलं होतं,
हे पैसे खरे कुणाचे?
"डोकं पुढे करून बसतात त्यांचे," ती म्हणाली,
"आपल्याकडे येईतो दोनदा मोजलेले असतात, एवढंच."

तपासनिसाचा पगार, त्याच्या गाडीचं तेल,
परीक्षेसाठी भाड्याने आणलेल्या तीन खुर्च्या;
उरेल ते गंगाजळीत.
एक्केचाळीस हजार साठले होते तेरा वर्षांत.
पश्चिमेकडे दुसरा तपासनीस नेमायचा होता.
विधिमंडळाने ते वसंतात एका ओळीत उचलले,
कलम सत्तावीस, पोटकलम क,
महामार्गावरच्या खड्ड्यांसाठी.
कागद चोख होता.
मी हिरव्या पेन्सिलीने बरोबरची खूण केली
आणि पान उलटलं.

पुढच्या पानावर उचंत खातं. दोनशे साठ डॉलर.
"हे काय?"

ओर्लाने खणातून चार अर्ज काढले.
परवाना क्रमांक अठ्ठ्याऐंशी, रायनहोल्ड ग्रॉसहान्स,
चार वर्षांपूर्वी वारलेले.
अर्ज बायकोच्या अक्षरात, थिओरा ग्रॉसहान्स.
व्यवसाय चालू आहे का? "खुर्ची आहे."
पत्त्यात बदल? "हो, पण थोडाच. चर्चच्या मागे."
सोबत चेक, दर जानेवारीत, मुदतीच्या आत.

मंडळ पैसे परत पाठवतं.
थिओरा तो चेक वटवत नाही.
मुदत सरली की तो रद्द होतो
आणि रक्कम घरच्या मांजरासारखी उचंतात परतते.
जमा धरावी, तर परवाना द्यायला हवा,
आणि मेलेल्या माणसाला कात्री चालवायची परवानगी
या राज्यात देता येत नाही.
बेवारस म्हणावी,
तर वारस दर वर्षी पत्रात हवापाणी कळवते.

एक्केचाळीस हजारांना मला मिनिट लागलं नव्हतं.
या दोनशे साठांपाशी दिवे लागले.
हीटर बंद पडला, ओर्लाने त्याला लाथ घातली, चालू झाला.
शेवटी लिहिलं: पुढील तपासणीपर्यंत प्रलंबित.
गेल्या वर्षीही हेच लिहिलं होतं,
अक्षर माझंच होतं.

मी कोट चढवत होतो. ती म्हणाली,
गंगाजळी गेली, म्हणून फी वाढतेय.
पासष्टाचे ऐंशी.
दोनशे बारा पत्रं गेली सकाळीच.
हे दोनशे तेरावं.

पाकिटावर ग्रॉसहान्स, हाताने लिहिलेलं.
"कळवायला नको? नाहीतर बिचारी पंधरा कमी पाठवेल."

मंडळाच्या तिकिटांची हिशेबवही टेबलावर उघडी होती.
तिने ती मिटली,
पर्समधून स्वतःचं तिकीट काढलं,
जिभेला लावलं.

मी जिन्यात थांबून
अहवालाचे सगळे रकाने पुन्हा एकदा पाहिले.